बासिलच्या गावची परात

मी एक जुनी तांब्याची परात आहे. जुनी म्हणजे किती, ते विचारू नका. एवढेच सांगते की सध्या ज्या स्वयंपाकघरात मी राहते, तिथला मायक्रोवेव्ह, मिक्सर आणि तो गर्विष्ठ काळा नॉनस्टिक तवा, या तिघांच्या वयांची बेरीज केली तरी ती माझ्या वयाच्या जवळपासही जात नाही. माझ्या काठाला दोन पोचे आहेत. बुडावर एका बाईचे नाव कोरलेले आहे. पण आजही उन्हात धरलेत तर माझ्यात तुमचे तोंड स्वच्छ दिसेल. थोडे रुंद दिसेल, पण दिसेल.

मित्रांनो, माझा मुक्काम आहे अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात. इथे विद्यार्थी भरपूर आणि बर्फ त्याहून भरपूर. शरयू आणि प्रसाद हे जोडपे इथे पीएच.डी. करते. ती सांगलीची, मातीवर संशोधन करणारी. तो साताऱ्याचा, धातूंवर. दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या अपार्टमेंटमध्ये, ओट्यावर, खिडकीशेजारी भिंतीला टेकून मी उभी असते. ते मला परात म्हणतात. माझे मूळ नाव टेप्सी. दोन्ही नावांना मी ओ देते.

माझा जन्म तुर्कस्तानातल्या कायसेरी गावचा. बाजारातल्या एका म्हाताऱ्या तांबटाने आठवडाभर ठोकून ठोकून मला गोल केले. मग आतून कथलाची कल्हई केली आणि बुडावर नवरीचे नाव कोरले: अनास्तासिया. तिच्या लग्नात मी तिच्या घरी गेले. अनास्तासियाच्या घरचे लोक ख्रिस्ती होते. बोलायचे तुर्की आणि लिहायचे ग्रीक अक्षरांत. त्यामुळे एकाच घरात दोन भाषा नांदताना पाहायची सवय मला लहानपणापासून आहे. इथे शरयू आईशी बोलताना अर्धी वाक्ये इंग्रजीत करते, तेव्हा मला तर माहेरी आल्यासारखे वाटते.

त्या गावाचा एक मोठा अभिमान होता. सोळाशे वर्षांपूर्वी, गावाचे नाव सीझरिया होते तेव्हा, तिथे बासिल नावाचा बिशप होऊन गेला. अनास्तासिया दर वर्षी एक जानेवारीला माझ्यात पीठ मळायची आणि मळता मळता त्याची गोष्ट सांगायची. एक जानेवारी ही त्याची पुण्यतिथी. मी ती गोष्ट इतक्या वेळा ऐकली आहे की अधूनमधून मला वाटते, मी तिथे हजरच होते.

बासिल श्रीमंताघरचा मुलगा. कॉन्स्टँटिनोपलला शिकला, अथेन्सला शिकला, आणि परत आला तो नाक वर करूनच. एवढे शिकलेला माणूस या गावात दुसरा नाही, असे त्याच्या चालण्यातच दिसत होते. पण त्याला मॅक्रिना नावाची थोरली बहीण होती. तिने त्याला असे काही सुनावले की स्वारी एकदम जमिनीवर आली. थोरल्या बहिणी ज्यांना असतील त्यांना हे वेगळे सांगायला नको. मग त्याने नाव कमावण्याचा नाद सोडला. नदीकाठी साधेपणाने राहिला, प्रार्थना केली, शेतात राबला, सोबत्यांनी एकत्र कसे राहावे याचे नियम लिहिले. पूर्वेकडच्या मठांमध्ये आजही त्याचे ते नियम मानतात.

पुढे गावावर दुष्काळ आला. धान्य होते, पण श्रीमंतांच्या कोठारांत कुलपाआड. बासिल त्यांच्या तोंडावर बोलला. तुमच्या कपाटात पडून राहिलेला अंगरखा उघड्या माणसाचा आहे, अशा अर्थाचे तो बोलला, आणि लोकांना ते झोंबले. कोठारे उघडली. मग तो पंडित कंबरेला फडके गुंडाळून चुलीपाशी उभा राहिला आणि त्याने रांगेतल्या माणसांना स्वतःच्या हाताने कढण वाढले. इथे आली की अनास्तासिया नेहमी मळायची थांबायची आणि आम्हा सगळ्यांकडे अशी बघायची, जणू ते कढण तिनेच ढवळले होते.

तो बिशप झाला तेव्हा त्याने गावाबाहेर एक नवे गावच वसवले: आजाऱ्यांसाठी दवाखाना, वाटसरूंसाठी धर्मशाळा, गरिबांसाठी घरे. ज्या महारोग्यांना लोक दगड मारून हाकलत, त्यांना तो मिठी मारी. आणि हे सगळे करून तो रात्रंदिवस लिहितही होता. त्या काळी मोठा वाद पेटला होता, ख्रिस्त देवाच्या बरोबरीचा की देवाने घडवलेला? बासिल बरोबरीच्या बाजूचा. त्याने आणि त्याच्या मित्रांनी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्याविषयी जे मांडले, ते आजही जगभरच्या चर्चमध्ये म्हटले जाते. पन्नाशीही न गाठता तो गेला, तर त्याला पोहोचवायला सगळे गाव लोटले. परक्या धर्माचे लोकही रडत आले होते, असे सांगतात.

आता मी या गोष्टीत कुठे, असे तुम्ही विचाराल. सांगते. एकदा एका जुलमी अधिकाऱ्याने गावाकडून सोनेनाणे मागितले. बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले. पुढे त्या अधिकाऱ्याचे मन पालटले आणि त्याने सगळे परत केले. पण कुठला दागिना कुणाचा, हे कसे ओळखायचे? बासिलने ते सगळे पावांच्या पिठात घालून भाजायला लावले, घरोघर पाव वाटले, आणि ज्याने जो पाव तोडला त्यात त्याचाच दागिना निघाला. हे खरे की लोकांनी रचलेले, कोण जाणे. पण तेव्हापासून त्याच्या नावाने वर्षाच्या पहिल्या दिवशी गोड पाव करतात आणि आत एक नाणे दडवतात. तो बासिलचा पाव. आणि अनास्तासियाच्या घरी तो पाव जिच्यात व्हायचा, ती मी!

पाव कापायची रीत ठरलेली. पहिला तुकडा ख्रिस्ताचा, दुसरा मेरीमातेचा, तिसरा बासिलचा, चौथा घराचा आणि पाचवा परक्याचा. परका म्हणजे जो कुणी दारात येईल तो. मगच घरच्यांची नावे, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. ज्याच्या तुकड्यात नाणे निघेल त्याचे वर्ष भाग्याचे.

एके वर्षी, माझ्या ऐन तारुण्यात, तुर्कस्तान आणि ग्रीस या दोन सरकारांनी ख्रिस्ती-मुसलमान लोकांच्या अदलाबदलीच्या कागदांवर सह्या केल्या आणि अनास्तासियाच्या लोकांना ग्रीसला जावे लागले. गाडीत जागा थोडी. लोकांनी आरसे सोडले, कपाटे सोडली. अनास्तासियाने मला शालीत गुंडाळून पाठीवर बांधले. काठाचा पहिला पोचा त्या प्रवासातला आहे आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नाही. ग्रीसमध्ये तिची नात देस्पिना माझ्यात पीठ मळायला शिकली. पुढे देस्पिना लग्न करून अमेरिकेत आली, तेव्हा आजीने मला तिच्या ट्रंकेत सगळ्यात तळाशी ठेवले. आणि अशी मी, काठाला दुसरा पोचा घेऊन, पेनसिल्व्हेनियाला आले.

ते माझे सुखाचे दिवस होते! देस्पिनाचा नवरा हॉटेल चालवायचा. एक जानेवारीला घरात पाय ठेवायला जागा नसायची. पाव बाहेर आला की सगळे वाहवा करायचे, आणि मी मनातल्या मनात म्हणायची, अरे, पिठाचे कौतुक पुरे, भांड्याकडेही बघा! देस्पिना पाचवा तुकडा कधी चुकवायची नाही. कागदात गुंडाळून खिडकीत ठेवायची आणि संध्याकाळच्या आत कुणाला तरी द्यायची. एके वर्षी तो पोस्टमनला गेला. एके वर्षी तर तिच्या नवऱ्याला गाडीसाठी दंड करणाऱ्या पोलिसाला दिला. नवरा आठवडाभर धुमसत होता.

मग मुले मोठी झाली, लांब गेली. नवरा वारला. पाव लहान होत गेला, पण चुकला नाही. माझी कल्हई मात्र झिजली. देस्पिना दुकानादुकानांत विचारून थकली. या देशात कल्हई करणारा कुणी मिळाला नाही. शेवटी गेल्या वसंतात ती मोठे घर विकून मुलाकडे, कोस्टासकडे राहायला आली. कोस्टास प्रेमळ माणूस आहे, पण घाईचा. जागा कमी म्हणून त्याने दहा खोकी बिल्डिंगसमोरच्या हिरवळीवर मांडली आणि विकायला काढली. मी तेव्हा काळवंडलेली. त्याला मी म्हणजे एखादे जुने झाकण वाटले असेन.

तेवढ्यात कुणीतरी किंचाळले, “अरे प्रसाद, परात!”

ती शरयू होती. प्लॅस्टिकच्या खोलगट बाउलमध्ये कणीक मळून मळून तिची मनगटे दुखायला लागली होती. तिने मला दोन्ही हातांनी उचलले, मागून वाजवून पाहिले आणि छातीशी धरले. मला बरे वाटले हे कबूल करते. पण दुःखही झाले, कारण त्या वेळी देस्पिना आत झोपली होती. तिला यातले काहीच ठाऊक नव्हते.

मित्रांनो, आता माझी पंचाईत ऐका. शरयूच्या घराची खिडकी आणि देस्पिनाच्या नव्या बिल्डिंगचे दार समोरासमोर! रोज दुपारी ती वॉकर घेऊन खाली यायची, बाकावर बसायची. मी खिडकीतून तिला बघायची. हाक मारायला मला तोंड नाही. एकदा उन्हाळ्यात खिडकी उघडी होती, तेव्हा मी तिला विचारताना ऐकले, “कोस्टास, माझी टेप्सी सापडली का रे?”

“स्टोरेजमध्ये आहे, मम्मा. बघतो या वीकेंडला.”

असे किती वीकेंड गेले. खरे सांगायचे धाडस त्याला होईना आणि मला कुणाला विकले तेही त्याला आठवेना. झाडांची पाने पिवळी झाली, गळली, बर्फ पडला. डिसेंबरच्या शेवटी, फोडणीचा वास जायला शरयूने खिडकी उघडली होती तेव्हा, ती बाकाशी उभी राहून कोस्टासला म्हणाली, “या वर्षी पाव नको. त्या परातीशिवाय मी करणार नाही. आजीपासून कधी चुकला नव्हता, पण आता चुकू दे.” ती हे इतक्या साधेपणाने म्हणाली की मला भडभडून आले. शंभर पावलांवर मी उभी होते, आणि उपयोग शून्य!

इकडे शरयूचे माझ्यावर प्रेम जडले होते. ती मला रोज धुवायची, पुसायची. नव्या वर्षानिमित्त मित्रमंडळी जेवायला येणार म्हणून तिने अळूवडीचा बेत केला. अळू इथे मिळत नाही, म्हणून कोलार्ड नावाच्या भाजीची पाने आणली. तीस तारखेला दुपारी तिने मला चिंच आणि मीठ लावून असे घासले की बाहेरून मी नव्या नवरीसारखी लखलखले. मग आत बेसन घेतले आणि चिंचेचा कोळ ओतणार, एवढ्यात व्हिडिओ कॉलवरून सांगलीहून तिची आई, सुलभाताई ओरडल्या.

“अगं थांब, थांब! आतून तांबं दिसतंय, कल्हई गेलीये तिची. आंबट घालशील तर सगळं कळकेल!”

शरयूचा हात हवेत थांबला. “आई, मग आता? इथे कुठला कल्हईवाला?”

“मी आहे ना!” सोफ्यावरून प्रसाद म्हणाला. “कल्हई म्हणजे काय यार, टिन कोटिंग. मी मटेरियल सायन्समध्ये पीएच.डी. करतोय. आमच्या गल्लीत कल्हईवाला बसायचा, लहानपणी तासन्‌तास बघितलंय. कथील आणि नवसागर दोन्ही घरात आहे, मागेच ऑर्डर केलंय.”

“जावईबापू, घरात नका करू हं,” सुलभाताई म्हणाल्या. “धूर होतो फार.”

“बाल्कनीत करतो, आई. नो प्रॉब्लेम.”

मित्रांनो, हे तुम्ही घरी करू नका. शिकल्यासवरल्या माणसांनीही करू नये, असे आता मला वाटते. प्रसादने बाल्कनीत कॅम्पिंगचा स्टोव्ह पेटवला, मला तापवले, नवसागर भुरभुरला, कथलाची कांडी टेकवली आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने गोल गोल फिरवले. माझ्या अंगावरून चांदीसारखी लाट गेली. किती वर्षांनी! मी सुखाने डोळे मिटले असते, पण मला डोळे नाहीत. धूर मात्र झाला, पांढराशुभ्र, ढगासारखा. आणि बाल्कनीचे काचेचे दार होते सताड उघडे. धूर ऐटीत घरात शिरला आणि छतावरच्या अलार्मने बोंब ठोकली. मग पूर्ण बिल्डिंगचा अलार्म.

चारही मजले रिकामे झाले. कुणी पायजम्यात, कुणी ओल्या केसांनी, एक बाई मांजर काखोटीला मारून. शरयू “शूज घाल, शूज घाल!” म्हणत जिना उतरली. प्रसाद हातात ओव्हनचे मोजे घालून मला घेऊन पळाला, कारण कल्हई झाल्यावर भांडे लगेच थंड पाण्यात बुडवायचे असते आणि ऐन वेळी बादली सापडेना. त्याने मला सरळ पार्किंगमधल्या बर्फाच्या ढिगात खुपसले. चर्रर्र! वाफेचा एवढा मोठा लोट उठला की अग्निशमन दलाची गाडी आली तेव्हा तिच्यातली माणसे आधी आमच्याकडेच धावली.

“सर, ही आग नाहीये, हे किचनचं भांडं आहे,” प्रसाद त्यांना इंग्रजीत समजावत होता. “आमच्या देशात असं करतात.” त्यांनी घर तपासले, धूर बाहेर घालवला, त्याला चार गोष्टी सुनावल्या आणि एकाने जाता जाता माझ्यात डोकावून आपली मिशी नीट केली.

समोरच्या बिल्डिंगमधले लोकही गंमत बघायला बाहेर आले होते. गर्दीतून एक वॉकर टक् टक् करत पुढे आला. तो आवाज मी ओळखला. प्रसाद मला बर्फातून काढून पालथी धरून पुसत होता आणि चिंच-मिठाने घासलेल्या माझ्या बुडावर ते नाव अगदी लख्ख उमटले होते. देस्पिना जवळ आली. वाकली. तिने बोटाने एकेक अक्षर गिरवले.

“अनास्तासिया,” ती म्हणाली. “माझी आजी.”

कोस्टासचा चेहरा पांढरा झाला. “मम्मा, मी... मी सेलमध्ये काढली होती. मला माहीत नव्हतं. नंतर सांगायला जीभच उचलेना.”

देस्पिनाने त्याच्याकडे पाहिलेही नाही. तिने मला उलटे केले, आत पाहिले आणि कडक आवाजात विचारले, “हिला कथील कोणी लावलं?”

प्रसाद एक पाऊल मागे सरला. “सॉरी आजी. मी लावलं.”

“सॉरी?” तिचा आवाज एकदम फुटला. “मुला, कित्येक वर्षं मी या देशात कल्हई करणारा माणूस शोधतेय!” आणि तिने त्याचे तोंड दोन्ही हातांत धरून गालांचे मुके घेतले. प्रसाद कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. आजूबाजूच्यांनी टाळ्या वाजवल्या, का ते त्यांनाही ठाऊक नव्हते.

शरयू बाजूला उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिच्या मनात काय चालले होते ते मला कळत होते, कारण आठ महिने तिचे हात माझ्यात होते. ती पुढे आली आणि म्हणाली, “आजी, ही तुमची आहे. घेऊन जा.” म्हणता म्हणता तिने माझ्या काठावरचा बर्फ झटकला.

देस्पिनाने आपले हात पुढे केले. बोटे सांध्यांत वाकडी झालेली, झाडाच्या मुळ्यांसारखी. “या हातांनी आता पीठ मळलं जात नाही,” ती म्हणाली. “मी पाव नको म्हणाले ना, त्याचं अर्धं कारण परात होती. दुसरं अर्धं कारण हे आहे. ते मी कोणाला सांगितलं नव्हतं.” मग तिने शरयूच्या हातांकडे पाहिले. नखांत बेसन अडकलेले होते. “तुला मळता येतं?”

“रोज मळते, आजी.”

“मग परवा सकाळी तुझ्याकडे येते.”

एक जानेवारीला सकाळी कोस्टास आईला आणि सामानाच्या दोन पिशव्या घेऊन दुसऱ्या मजल्यावर आला. देस्पिना खुर्चीत बसली राणीसारखी आणि हुकूम सोडू लागली. लोणी इतके, अंडी तितकी, संत्र्याची साल किसून. शरयूने बाह्या सरसावल्या. आरंभी ती पोळ्यांची कणीक मळावी तशी मळत होती, देस्पिना म्हणाली, “इतकं रागावू नकोस त्याच्यावर, गोड पीठ आहे.” मग दोघींची लय जमली. पीठ फुगायला ठेवले, तेव्हा देस्पिनाने बासिलची गोष्ट सांगायला घेतली. मी कान टवकारले. तीच गोष्ट, तिसऱ्या देशात, नव्या माणसांपुढे!

“सम्राटाने आपला मोठा अधिकारी पाठवला,” ती म्हणाली. “आमचं मत मान, नाहीतर मालमत्ता जप्त करीन, हद्दपार करीन, मारून टाकीन. बासिल म्हणाला, माझ्याकडे चार पुस्तकं आणि एक फाटका झगा आहे, जप्त काय करणार? हद्दपार कुठून करणार, सगळी पृथ्वी देवाची. आणि माझं शरीर इतकं अशक्त आहे की पहिल्याच फटक्यात सुटेन. अधिकारी म्हणाला, माझ्याशी असं आजवर कोणी बोललं नाही. तर हा म्हणतो, मग तुझी गाठ कधी बिशपशी पडली नसेल.”

“बापरे!” प्रसाद म्हणाला. “मी तर व्हिसा ऑफिसरसमोर स्वतःचं नाव पण विसरलो होतो.”

देस्पिना इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिने पर्समधून एक जुने ग्रीक नाणे काढले. शरयूने ते उकळत्या पाण्यातून काढून पिठात दडवले आणि मला ओव्हनमध्ये सरकवले. दार जेमतेम लागले. थोड्याच वेळात त्या घरात असा वास सुटला की वरच्या मजल्यावरची मांजरवाली बाई दोनदा काहीतरी विचारायच्या निमित्ताने खाली येऊन गेली.

कापायची वेळ झाली. देस्पिनाने सुरीने पावावर क्रूस काढला आणि सुरी शरयूच्या हातात दिली. “मी सांगते, तू काप. ख्रिस्ताचा. मेरीमातेचा. बासिलचा. या घराचा.” मग पाचवा. “हा परक्याचा.”

“परक्याचा म्हणजे आपला,” प्रसाद हळूच मराठीत म्हणाला. “घे ना, अर्धा अर्धा करू.”

शरयूने ताटलीकडे हात नेला. चटकन देस्पिनाने तिच्या मनगटावर चापट मारली. “तो तुझा नाही. थांब!” शरयू दचकली. देस्पिना पुढे म्हणू लागली, “आता घरचे. थोरल्यापासून. देस्पिना. कोस्टास. प्रसाद. शरयू.” तिने शेवटची दोन्ही नावे हळूहळू, जीभ सांभाळून, पण न चुकता घेतली. कधी पाठ केली होती कोण जाणे.

प्रसादची थट्टा कुठल्या कुठे गेली. दोन वर्षांत या देशात त्यांना कुणी आपले म्हणून मोजले नव्हते. शरयू खाली मान घालून आपल्याच नावाचा तुकडा कापत राहिली, आणि एक थेंब माझ्या काठावर पडला. खारट होता. पण कल्हई नवी होती, मला काही झाले नाही.

सगळ्यांनी आपापला तुकडा तोडून पाहिला. नाणे नाही. ख्रिस्ताच्या तुकड्यात नाही, मेरीमातेच्या नाही, बासिलच्या नाही, घराच्याही नाही. उरला एकच. सगळे त्या पाचव्या तुकड्याकडे बघू लागले.

तेवढ्यात खाली घर्रघर्र आवाज आला. सुट्टीच्या दिवशीही पार्किंगमधला बर्फ काढायला गाडी आली होती. शरयूने तुकडा कागदात गुंडाळला आणि मोज्यांवर चपला सरकवून ती जिन्यावरून धावली. प्रसादने खिडकी उघडली. गाडीतून जाड कोटातली एक बाई खाली वाकली. तिने तुकडा घेतला, आभार मानले, मोठा घास घेतला आणि गाल धरला.

“यात काहीतरी आहे!” ती ओरडली. दातांतून तिने नाणे काढले आणि उन्हात धरले. वर खिडकीत आमच्या घरात नुसता दंगा झाला. कोस्टास शिट्टी मारत होता, प्रसाद उड्या मारत होता, देस्पिना वॉकर आपटत होती.

“हे कसलं नाणं?” बाईने विचारले. “आज काय आहे?”

शरयू बर्फात चपलांवर उभी होती. थंडीने तिचे नाक लाल झाले होते. “आज बासिलचा दिवस,” ती म्हणाली. “खूप जुना बिशप होता तो. दुष्काळात त्याने स्वतःच्या हाताने लोकांना जेवू घातलं. त्याच्या नावाचा पाव असतो, आणि त्यातला एक तुकडा परक्यासाठी ठेवतात. आमच्या घरी दर वर्षी करतात.”

आमच्या घरी! देस्पिनाने ते ऐकले. तिने माझा काठ घट्ट धरला, अनास्तासिया धरायची तसा.

त्या दिवसापासून मी इथेच आहे. देस्पिना मला परत न्यायला तयार नाही. म्हणते, मी रोज दुपारी भेटायला येईन, परातीलाही आणि मळणारीलाही. आणि खरेच येते. कोस्टास आता तिला जिन्यावरून हात धरून आणतो आणि कसलाही वीकेंड पुढे ढकलत नाही. अळूवडीही झाली, चिंच घालून, आणि कळकली नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी माळ्यावर, पोटमाळ्यात किंवा खोक्यात माझी एखादी बहीण काळवंडून पडली असेल. तिला विकण्याआधी उलटी करून बघा, बुडावर कुणाचे तरी नाव असेल. घासा, कल्हई करून घ्या, पण कपाटात शोभेला ठेवू नका. आमच्या अंगावर धूळ बसू देऊ नका, पीठ बसू द्या. आणि कधी एक जानेवारीला स्टेट कॉलेजला आलात तर दुसऱ्या मजल्यावर या. पुढच्या वर्षीचा पाचवा तुकडा कुणाचा, हे अजून ठरलेले नाही.